किरमिजीच्या मुळाशी

"किडे दिसले का तुम्हाला?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही," समोरची बाई म्हणाली. "कधीच नाही. तेच तर माझ्याविरुद्ध जातंय."

तिने हातमोजे काढले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे होते, काही जुने, काही ओले. खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचत बसलेल्या भावोजींनी चष्मा वर सरकवला आणि पुन्हा खाली घेतला.

मास्तरीणबाईंनी अर्धं आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या खासगी तपास करू लागल्या. भावोजी त्यांच्या दिवंगत धाकट्या बहिणीचा नवरा. बहीण गेली, पण भावोजींचं दुपारचं जेवण आणि त्यांच्या शंका या घरीच राहिल्या.

"सुरुवातीपासून सांगा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

बाई रेशमी फुलं बनवत असे. नाटकांसाठी, टोप्यांसाठी, फोटोग्राफरांच्या स्टुडिओंसाठी. कारखाना तिच्या वडिलांचा. कारखाना म्हणजे घराचा खालचा मजला. गल्लीत सगळे तिला फुलवालीच म्हणत.

"संध्याकाळी सुरू होतं. आधी ओठांवर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. मग जिभेवर. मग मानेवरून खाली, शेकडो, हजारो. बारीक पायांचे. घसा आवळत जातो. मी ओरडते. दिवे लावतात, गाद्या उलटतात. काही सापडत नाही. मी पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. जमिनीवर पावडर पसरली, किड्यांच्या पायांचे ठसे उमटावेत म्हणून. सकाळी पावडर जशीच्या तशी."

"अंगावर गांधी उठतात?"

"उठतात. पण डॉक्टर येतात सकाळी, दवाखान्याच्या आधी. तोवर सगळं विरून जातं. उरतात ते माझ्याच नखांचे ओरखडे." तिने हातमोजे पुन्हा चढवले. "आज संध्याकाळी ते कागदावर सही करणार आहेत. मनोरुग्णालयाची गाडी येणार आहे. बाई, मला खरंच वेड लागलं असेल तर मी जाईन. पण लागलं नसेल, तर तिथे गेल्यावर लागेल."

मास्तरीणबाई उठल्या. "भावोजी, चपला घाला."

"जेवण?"

"तुमच्या पोटात पुरेसा साठा आहे. चला."

*

घर अरुंद होतं आणि फुलांनी भरलेलं होतं. भिंतीवर, फळ्यांवर, छताला टांगलेल्या दोऱ्यांवर गुलाब, कमळं, नावं नसलेली मोठी लाल फुलं. आत शिरताच भावोजींनी सवयीने खोल श्वास घेतला आणि ते खोकले. डांबरगोळ्यांचा उग्र दर्प होता. रेशमाला कसर लागू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्यात डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या होत्या.

"या घरात एक मुंगीसुद्धा जगायची नाही," भावोजी पुटपुटले. "एवढी फुलं आणि एक माशी नाही, एक भुंगा नाही. अंगावर काटा येतो हो बाई."

"येऊ द्या. पण डोळे उघडे ठेवा."

फुलवालीचा नवरा लांब टेबलाशी बसून पाकळ्यांवर शिरा ओढत होता. टेबलाच्या मधोमध चिनी मातीच्या वाट्या होत्या, हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगाच्या. तो कुंचला लाल वाटीत बुडवी, ओठांमध्ये धरून गोल फिरवी, म्हणजे केसांना सुईसारखं टोक येई, आणि मग शीर ओढी. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यावर लाल डाग वाळला होता.

"सगळे असंच करता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"फुलांच्या धंद्यात सगळेच. माझे सासरे तर म्हणायचे, टोक जिभेनेच निघतं, बाकी सगळी नाटकं." तो हसायला गेला, पण बायकोकडे पाहून थांबला. "हिला वाचवता येईल का हो?"

"कशापासून?"

त्याने हातातली पाकळी खाली ठेवली. "वर्षानुवर्षं ही इथे पूड झटकायची. पाकळीवर कापसाने लाल पूड चोळायची, मग तो रंग मखमलीसारखा दिसतो. छाती भरून यायला लागली, धाप लागायची. डॉक्टरांनी पूड बंद केली. हवापालट सांगितला. आम्ही डोंगरावर घर पाहून आलो, दोन खोल्यांचं, दोघांपुरतं. कारखाना बंद करायचं ठरलं. आणि मग हे किड्यांचं सुरू झालं. आता कसलं घर आणि कसलं काय."

"पूड बंद केल्यावर लाल कुठून आणता?"

"ताई काढते. फुलांच्या पाकळ्या उकळून. माझी थोरली बहीण." त्याचा चेहरा जरा उजळला. "पहिल्यांदा जमत नव्हतं, काचेच्या कपाटात ठेवलेली फुलं उन्हाने विटून जायची. आता बघा. केव्हाची फुलं आहेत ती, रंग तसाच्या तसा. नाटकवाले दुसऱ्या कोणाचं लाल घेतच नाहीत."

"हातगुण," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हातगुणच!"

त्या फुलवालीकडे वळल्या. "तुम्ही रोज सगळे रंग वापरता?"

"ज्याची मागणी येईल तो. काल लाल होता. त्याआधी दोन दिवस नुसतीच पानं केली."

"आणि त्या दोन दिवशी किडे?"

फुलवाली आठवत राहिली. "नव्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, सुटले एकदाची."

"आज कुंचल्याला हात लावू नका. तारा वळत बसा."

*

नवऱ्याची बहीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. उंच, नीटनेटकी, केस घट्ट बांधलेले. वाढदिवस असो की आजारपण, घरात काही झालं की लोक आधी जिच्याकडे पाहतात, तशी बाई. फुलवाली तिला वन्सं म्हणत होती, आणि दर दोन वाक्यांनंतर तिच्याकडे पाहतही होती.

वन्सं काम न थांबवता बोलत होत्या. हिरवा कुंचला ओठांतून फिरला, पानावर रेघ उमटली. त्यांचे ओठ हिरवट झाले होते. भावोजी टक लावून बघतायत हे लक्षात येताच त्या म्हणाल्या, "बघता काय? पोपट नाही मी."

भावोजी ओशाळून छताकडे बघू लागले.

"तिची सेवा कोण करतं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"दुसरं कोण करणार? हा तर रडायलाच लागतो." वन्संनी हिरवा कुंचला ठेवला, लाल उचलला, वाटीत बुडवला, बशीतल्या ओल्या स्पंजवर दोनदा फिरवून टोक काढलं आणि पाकळीवर शीर ओढली. "ती ओरडायला लागली की मी जाते. अंगावरून थंड पाण्याचा हात फिरवते. झोप लागेपर्यंत बसते. माझ्या मांडीवर झोपते ती, लहान मुलीसारखी."

"तुम्ही अंडंही खात नाही म्हणे."

"कोण म्हणालं?"

"स्वयंपाकघराच्या दारावर पाटी आहे. 'अंड्याचं भांडं आत आणू नये.'"

"हो, ती माझीच. जीव मारून खाणंच मला बघवत नाही. उगाच कुणाला दोष देत नाही मी, पण माझ्या घरात नको."

"लाल रंग तुम्हीच काढता?"

"मीच. तिला ती पूड सोसत नाही, म्हणून एवढा खटाटोप. पाकळ्या निवडा, उकळा, गाळा, गोंद घाला."

"आणि ती जुनी पूड? कशाची होती?"

वन्संनी खांदे उडवले. "ती काय त्या वरच्या फळीवर, फ्रेंच डब्यात. कशाची ते मला काय ठाऊक? कसली तरी माती असेल. रंगातलं मला काही कळत नाही, मी फक्त उकळते."

मास्तरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि वर चढल्या. फळीवर डब्यांची रांग होती. लाल डब्यावर सोनेरी, वळणदार फ्रेंच अक्षरं होती. त्यांनी प्रत्येक डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. शेजारच्या डब्यांनी बोट काळं झालं होतं. लाल डब्याने झालं नाही.

"भावोजी, फ्रेंच येतं?"

"मला नीट मराठी आलं तरी पुष्कळ."

"मग या घरात येतं कुणाला?"

"कोशकारांना," फुलवाली म्हणाली. "वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आहेत. रंगांच्या नावांचा शब्दकोश करतायत. आमच्या लग्नाच्या आधीपासून करतायत."

*

कोशकारांचा एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि तो पाय पुस्तकांच्या ढिगावर ठेवला होता.

"जिन्यावरून पडलो," ते म्हणाले. "माझ्याच चुकीने. निळ्याचा विचार करत होतो. तेव्हापासून खाली उतरलो नाही. फुलवालीचं ते किड्यांचं मी पडल्यानंतर सुरू झालं, तिचं ओरडणं मला फक्त ऐकू येतं. इथे पडल्या पडल्या. काय सांगू तुम्हाला, ते ऐकताना वाटतं भिंतींच्या आत काहीतरी सरपटतंय."

मास्तरीणबाईंनी कागदावर डब्यावरची अक्षरं उतरवली होती. "हा शब्द काय आहे?"

कोशकारांचे डोळे चमकले. "क्रामवाझी! म्हणजे आपला किरमिजी. गंमत आहे बरं का. फ्रेंचांकडे तो दक्षिणेकडून गेला, तिथे अरबांकडून आला, अरबांनी फारसीतून घेतला, आणि फारसी शब्द आणि आपला संस्कृत शब्द चुलतभाऊ. जगभर फिरून आलेला शब्द आहे हा. किरमिजी म्हणणाऱ्या आपल्या माणसाला आणि क्रामवाझी म्हणणाऱ्या फ्रेंच माणसाला ठाऊकही नसतं की दोघे एकाच गोष्टीचं नाव घेतायत."

"आणि त्या शब्दाच्या मुळाशी काय आहे?"

कोशकार अवघडले. "तेच सांगितलं आणि सगळा विचका झाला. माझ्या पुतण्याच्या वाढदिवसाला खालची मंडळी वर आली होती. गुलाबी मलईचा केक होता. फुलवालीने तुकडा खाल्ला आणि तिला अंगावर पित्त उठलं म्हणून ती खाली जाऊन पडली. मी आपलं ज्ञान पाजळलं. नवरा खुर्चीत घोरत होता. ऐकायला उरल्या एकट्या..."

जिन्यावर पावलं वाजली. वन्सं चहाचा ट्रे घेऊन आल्या. "काकांनी पुन्हा शब्द काढले वाटतं," त्या हसून म्हणाल्या. "दमवू नका हं पाहुण्यांना."

कोशकार चहात बघत राहिले.

"भावोजी, तुम्ही वन्संबरोबर खाली जा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चिंध्या बघून या. आणि स्वयंपाकघरातून चिमूटभर धुण्याचा सोडा मागून आणा."

"चिंध्या?"

"चिंध्या."

भावोजी खाली गेले. अंगणात दोरीवर रंग पुसायची फडकी वाळत होती. त्यांनी ती एकेक करून पाहिली, नाकाला लावून पाहिली आणि वर परतले. वर येताना त्यांना दाराआडून कोशकारांचा कुजबुजता आवाज ऐकू आला, मग मास्तरीणबाईंचं एकच वाक्य: "एवढंच हवं होतं."

"काही फडकी जुनी, काही नवी," भावोजींनी अहवाल दिला. "जुन्यांवर हिरवट करडे डाग, बुरशीसारखे. नव्यांवर जांभळे. सगळी सोड्यात धुतलीत असं वन्सं म्हणाल्या. धुऊन काही उपयोग झालेला नाही. हा घ्या सोडा. बाई, हे काय चाललंय मला कळेल का?"

"तुम्हीच तर सांगितलंत मला सगळं."

"मी?" भावोजी म्हणाले. "छान. मलाही सांगा मग."

*

संध्याकाळ व्हायच्या आत डॉक्टर आले. बाहेर पांढरी गाडी थांबली, तिच्यातून दोन धिप्पाड परिचारक उतरले. फुलवालीने त्यांना खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातली तार खाली पडली. मास्तरीणबाईंनी ती उचलून तिच्या हातात दिली.

"डॉक्टर, सहीच्या आधी मला थोडा वेळ द्या," त्या म्हणाल्या. "आणि या दोघा भल्या माणसांना एक काम सांगू का? वर एक गृहस्थ आहेत, पाय मोडलेले. त्यांना खुर्चीसकट खाली आणायचंय."

परिचारकांनी कोशकारांना खुर्चीसकट उचलून आणलं. येताना ते "सावकाश, सावकाश, डोकं माझं आहे," असं ओरडत होते. सगळे लांब टेबलाभोवती बसले. मास्तरीणबाईंनी लाल रंगाची वाटी मधोमध ठेवली आणि शेजारी दोन कुंचले.

"एक विनंती. रोज रंगवता तशी एकेक पाकळी रंगवून दाखवा. आधी तुम्ही."

नवऱ्याने कुंचला बुडवला, ओठांतून फिरवला आणि शीर ओढली. ओठांना सवय होती.

"आता तुम्ही, वन्सं."

वन्संनी कुंचला बुडवला आणि डावीकडे हात नेला. बशी होती. स्पंज नव्हता. त्यांनी टेबलावर नजर फिरवली.

"स्पंज माझ्या पिशवीत आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ओठांनी काढा ना टोक. हिरव्याला काढता. पिवळ्याला काढत असाल."

कुंचल्यावरून एक लाल थेंब टेबलावर पडला.

"लाल मला आवडत नाही."

"पाकळ्यांचाच रंग आहे. तुम्हीच उकळलेला."

वन्संचे ओठ मिटलेले होते. कुंचला हातभर लांब धरलेला, जणू त्याच्या टोकाला काही वळवळतंय.

"ताई?" नवरा म्हणाला.

वन्संनी कुंचला खाली ठेवला.

डॉक्टर वैतागले. "बाई, हा काय पोरखेळ आहे? पेशंट माझी आहे."

"म्हणूनच तुम्ही हे बघायला हवं." मास्तरीणबाईंनी पिशवीतून दोन पांढऱ्या बशा काढल्या. "ही वन्संच्या साठ्यातली, खऱ्या फुलाची वाळलेली पाकळी, मी दुपारी गरम पाण्यात भिजवली. लाल पाणी. यात सोडा टाकते."

लाल पाणी निळसर झालं, मग गढूळ हिरवं.

"फुलांच्या लाल रंगाचं असंच होतं. अंगणातल्या जुन्या फडक्यांवर भावोजींना हिरवट डाग दिसले ते यामुळे. म्हणजे सुरुवातीला वन्सं खरंच पाकळ्या उकळत होत्या. आता हा वाटीतला लाल."

दुसऱ्या बशीत सोडा पडला. लालाचा गडद, दाट जांभळा झाला. हिरवा मात्र कुठेच दिसला नाही.

"नव्या फडक्यांसारखा," भावोजी एकदम म्हणाले, आणि आपल्याच हुशारीने दचकले.

"नव्या फडक्यांसारखा. पाकळ्यांचा रंग उन्हात विटतो. हा विटत नाही, ते यजमान कौतुकाने सांगत होते. म्हणजे मधेच कधीतरी वाटीतला रंग बदलला. कुठला आला त्याच्या जागी? वरच्या फळीवर सगळ्या डब्यांवर धूळ आहे. फक्त बंद केलेल्या लाल पुडीच्या डब्यावर नाही."

"पण ती तर नुसती पूड," नवरा म्हणाला. "हिला धाप लागायची ती धुळीने. हे पाण्यात कालवलेलं आहे. आणि मी रोज चाटतो, मला काही होत नाही!"

"कोशकार, शब्दाच्या मुळाशी काय आहे ते सांगा. आता विचका झाला तरी चालेल."

कोशकारांनी प्लास्टरवर हात ठेवला. त्यांचा आवाज खाली आला होता.

"कृमी. क्रामवाझी, किरमिजी, सगळ्यांच्या मुळाशी फारसीतला किर्म आहे, आपल्या कृमीचा चुलतभाऊ. जुन्या काळी ओकच्या झाडांवर मसुराएवढे किडे चिकटलेले असत. बायका नखांनी ते खरवडून काढत, वाळवत, कुटत. राजांचे झगे त्याने रंगायचे. पुढे समुद्रापलीकडून निवडुंगावरचा दुसरा किडा आला, त्याचा रंग आणखी तेज. डब्यातली पूड त्याचीच. मूठभर पुडीसाठी हजारो लागतात. केकवरची गुलाबी मलईही पुष्कळदा त्याच रंगाची असते. हेच मी त्या दिवशी सांगितलं."

भिंतीवरची शेकडो लाल फुलं मावळत्या उजेडात काळपट दिसत होती. भावोजींनी आपली खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली.

"म्हणजे..." फुलवालीने लाल वाटीकडे पाहिलं. "म्हणजे ते होते."

"होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हजारो होते. तुम्ही वाट्यांत पाणी भरून त्यांना बाहेर अडवत होतात, आणि ते तुमच्या कुंचल्याच्या टोकावर बसून ओठांवर येत होते. म्हणून सुरुवात नेहमी ओठांपासून. पानं रंगवली त्या दिवशी म्हणूनच शांतता."

त्या डॉक्टरांकडे वळल्या. "बहुतेकांना या रंगाने काही होत नाही. हिने तो वर्षानुवर्षं श्वासातून आत घेतला. शरीर त्या किड्याला ओळखायला शिकलं. हिच्या डोळ्यांना लाल रंग दिसत होता, शरीराला किडा. नंतर कणभर पोटात गेला तरी अंगावर गांधी, घशाला सूज. तुम्ही एकदा संध्याकाळी आला असतात तर तुम्हालाही दिसलं असतं."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "घसा पूर्ण बंद झाला असता," ते म्हणाले. "कुठल्याही दिवशी."

"आता प्रश्न उरतो, कोणी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "डबा कोणालाही काढता आला असता. पण किड्याची गोष्ट माहीत होती दोघांनाच. कोशकार तर किडे सुरू व्हायच्या आधीपासून पाय मोडून वर पडलेत. यजमान झोपले होते, आणि आजही तो रंग जिभेवर घेतात. उरल्या एकट्या वन्सं. त्यांनी केक खाल्ल्यावर उठलेलं पित्त पाहिलं, तीच गोष्ट ऐकली, आणि पुडीने लागणारी धाप त्यांना माहीत होतीच. तीन गोष्टी जोडल्या. मला मात्र म्हणाल्या, पूड कशाची ते ठाऊक नाही, माती असेल."

"मातीला कोण घाबरतं?" त्या वन्संकडे पाहून शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही हिरव्याचं टोक ओठांनी काढता आणि लालाचं स्पंजवर. अंड्याचं भांडं घरात न आणणारी बाई किड्याचा रंग तोंडात घेणार नाही. तेवढं तुमच्याच्याने झालं नाही."

"ताई, खोटं आहे म्हण," नवरा म्हणाला. "म्हण ना गं."

वन्संनी पदराने ओठ पुसले. हिरवा डाग पदरावर उतरला.

"आई गेली तेव्हा तू एवढासा होतास," त्या म्हणाल्या. "तुला मी भरवलं, तुझ्यासाठी मी लग्न केलं नाही. आणि तू दोन खोल्यांचं घर बघून आलास. दोघांपुरतं. मला सांगितलंस ते कसं, तर 'ताई, तू इथे मजेत राहशील.'" त्यांनी टेबलावरच्या फुलांकडे हात केला. "यांच्यात."

"मग मला सांगायचं होतंस!"

"मी हिला मारणार नव्हते. तिकडे गेली असती, औषधपाणी झालं असतं. बरीही झाली असती, रंग सुटला की. तू इथे राहिला असतास, एवढंच."

फुलवाली उठली. टेबलाला वळसा घालून ती वन्संसमोर उभी राहिली. मास्तरीणबाईंनी भावोजींना हाताने थांबवलं.

"वन्सं, मी ओरडायचे तेव्हा तुम्ही माझ्या अंगावरून हात फिरवत बसायचात. झोप लागेपर्यंत."

"हो."

"का?"

वन्संनी तिच्याकडे वर पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. "तुला त्रास होत होता," त्या म्हणाल्या.

परिचारकांपैकी एकाने घसा खाकरला. "डॉक्टरसाहेब, मग आम्ही कोणाला न्यायचं?"

"कोणालाच नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदाचे चार तुकडे केले. "पोलीस येईपर्यंत मी इथे थांबतो."

"आणि मला वर कोण नेणार?" कोशकारांनी विचारलं.

"मला न्या," फुलवाली परिचारकांना म्हणाली. "स्टेशनवर सोडा. डोंगराकडची गाडी अजून सुटायची आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही काय करताय?"

नवरा बहिणीकडे बघत होता. मग त्याने रंगांनी भरलेला अ‍ॅप्रन सोडला, घडी घातली, ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना, शेवटी खुर्चीवर टाकला आणि तो बायकोमागे निघाला. ओठावरचा लाल डाग तो हाताच्या पाठीने पुसत होता, पुन्हा पुन्हा.

दार उघडलं तशी गार हवा आत आली. छताला टांगलेली फुलं हलली.

"गळ्याला काहीतरी गुंडाळ गं," वन्सं मागून म्हणाल्या. "बाहेर गारठा आहे."

फुलवालीचा हात आपोआप मानेकडे गेला. तो तिने अर्ध्यावरच थांबवला, खाली घेतला आणि तशीच उघड्या गळ्याने पायऱ्या उतरून गेली.